जगातलं सगळं सोनं वाटलं तर? माणशी दोन तोळे पावणेतीन मासे!

सराफाच्या पेढीवर नुसता भाव विचारायला गेलेल्या माणसालाही एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "ताई, आत्ताच घेऊन टाका, पुढे मिळायचं नाही." मुंबईत गोरेगाव स्टेशनच्या पूर्वेला असो की पश्चिमेला, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी हे वाक्य शंभर काउंटरांवर एकदम बोललं जातं. पण मिळायचं नाही म्हणजे काय? जगात सोनं आहे तरी किती? आणि उद्या कुणी ठरवलं की सगळं गोळा करून माणशी सारखं वाटायचं, तर आपल्या पदरात किती पडेल? कागद-पेन्सिल घेऊन बसलं की भन्नाट उत्तरं निघतात. घ्या तर मग.

सगळं मिळून सात मजली इमारत

माणसाने आजवर जमिनीतून काढलेलं सोनं सुमारे २ लाख १६ हजार टन आहे. वर्ल्ड गोल्ड काउन्सिलचा २०२४ अखेरचा हा अंदाज. आकडा ऐकून छाती दडपते. पण सोनं भलतंच जड आणि त्या मानाने जागा अगदी कमी खाणारं. हे सगळं वितळवून एकच ठोकळा केला, तर तो २२ मीटर लांब, २२ मीटर रुंद आणि २२ मीटर उंच होईल. म्हणजे सात मजली इमारत, प्लॉट साधारण सव्वापाच हजार चौरस फुटांचा. जवाहरनगरात किंवा जयप्रकाशनगरात रिडेव्हलपमेंटला निघालेल्या एखाद्या सोसायटीच्या जागेवर फेरोंचे मुखवटे, रोमन नाणी, पेशव्यांच्या मोहरा, अमेरिकेची तिजोरी आणि तुमच्या आजीच्या पाटल्या असं सगळं मावून जाईल. शेजारचा नवा टॉवर त्याच्याकडे वरून बघेल.

तुमचा वाटा: दोन तोळे पावणेतीन मासे

जगाची लोकसंख्या सुमारे ८२० कोटी. भागाकार केला की माणशी येतात जवळपास २६ ग्रॅम. जुन्या मापात सांगायचं तर ११.६६ ग्रॅमचा तोळा आणि तोळ्याचे बारा मासे, या हिशेबाने दोन तोळे पावणेतीन मासे. आता सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, त्या मापाने अडीच तोळ्यांच्या वर थोडं. शिवराई होन साधारण पावणेतीन ग्रॅमचा असायचा; त्यात मोजलं तर नऊ होन.

हे झालं चोख, चोवीस कॅरेटचं सोनं. तळहातावर ठेवलं तर लुडोच्या फाशाएवढा पिवळा तुकडा, एवढंच दिसेल. त्यात तांबं-चांदी मिसळून बावीस कॅरेटचा दागिना घडवला, तर वजन २८ ग्रॅमपर्यंत जाईल. एवढ्यात एक बेताचं मंगळसूत्र आणि कानातले बसतील. पाटल्यांची जोडी करायची म्हटलं तर मंगळसूत्र राहील. चपलाहार, तोडे आणि कोल्हापुरी साज यांचं नावही काढू नका.

गोरेगावचं सोनं लिफ्टने न्यायचं तर

महापालिकेच्या पी-दक्षिण वॉर्डात, म्हणजे आपल्या गोरेगावात, २०११ च्या जनगणनेत सुमारे ४ लाख ६३ हजार माणसं होती. त्या सगळ्यांचा वाटा एकत्र केला तर १२ टन. आणि आकार? प्रत्येक बाजू ८५ सेंटीमीटर असलेला एकच ठोकळा. अख्ख्या गोरेगावचं सोनं एका टू-बीएचकेच्या कोपऱ्यात राहील. फक्त वर नेताना पंचाईत. सहा माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलोची मर्यादा लिहिलेली असते. तेवढं तेवढं न्यायचं तर तीस फेऱ्या. आणि सोसायटीचा सेक्रेटरी पहिल्या फेरीलाच विचारणार, "मूव्हिंग चार्ज भरलात का?"

एक वाटा मात्र प्रत्येकाने आधीच घेतलेला आहे. माणसाच्या शरीरात सुमारे ०.२ मिलिग्रॅम सोनं असतं. गोरेगावातल्या सगळ्यांच्या अंगातलं गोळा केलं तर नव्या मापाने नऊ तोळे भरेल. काढायचा खर्च मात्र परवडणारा नाही.

आठही लेन जाम

जागा सात मजली, पण वजन? दहा टनांच्या ट्रकमध्ये हे सोनं भरलं तर २१,६०० ट्रक लागतील. एकाला एक चिकटून उभे केले तर रांग १९० किलोमीटरच्या पुढे जाईल. माहीमपासून दहिसरपर्यंतचा पश्चिम द्रुतगती महामार्ग सुमारे २५ किलोमीटरचा. म्हणजे येण्याच्या चार आणि जाण्याच्या चार, अशा आठही लेन माहीमपासून दहिसर चेकनाक्यापर्यंत ठासून भरतील. संध्याकाळी सात वाजता आरे चेकनाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला यात काही वेगळं वाटणार नाही, हे सोडा.

फिल्मसिटीतला हीरो आणि साडेसातशे किलोंची बॅग

१९७७ साली गोरेगाव पूर्वेच्या डोंगरात चित्रनगरी उभी राहिली, आज ती दादासाहेब फाळके चित्रनगरी. तिथे आजवर जेवढं सोनं चमकलं तेवढं झवेरी बाजारातही चमकलं नसेल. राजमहालाचे खांब, सिंहासनं, खलनायकाच्या अड्ड्यावरच्या विटा. सगळं लाकूड, फायबर आणि सोनेरी रंग. रंग वाळायच्या आत शॉट लावला तर हीरोच्या हाताला लागतो, एवढाच त्याचा धोका.

आता खरा हिशेब. एक लिटर पाणी एक किलोचं, तर एक लिटर सोनं १९.३ किलोचं. विमानात हातात नेतो तेवढी छोटी बॅग सोन्याने गच्च भरली तर तिचं वजन सुमारे साडेसातशे किलो होईल. ती बॅग उचलून हीरो भिंतीवरून उडी मारतो, तेव्हा टाळी हीरोला नव्हे, बॅगेच्या हँडलला द्यायला हवी. बँकांच्या तिजोरीतली प्रमाणित वीट एकटीच साडेबारा किलोची असते. दोन विटा एका हातात घेऊन पळून दाखवा.

सिनेमातलं 'बिस्कीट' मात्र अस्सल. दहा तोळ्यांचं, ११६.६४ ग्रॅमचं. गेल्या शतकात दुबईहून लाँचमधून मुंबईच्या किनाऱ्यावर उतरायचं ते हेच. एका बिस्किटात जगातल्या साडेचार माणसांचा वाटा.

सोन्याचा देश? हिशेब वेगळंच सांगतो

भारतीय घरांत सुमारे २५ हजार टन सोनं आहे, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. जगातल्या एकूण सोन्याच्या साडेअकरा टक्के. ऐकून मान ताठ होते. पण जगातली जवळपास अठरा टक्के माणसं आपल्याकडे राहतात! घरातलं सोनं १४५ कोटींत वाटलं तर माणशी १७ ग्रॅम येतात. जगाची सरासरी २६. 'सोन्याचा धूर निघणारा देश' सरासरीच्या खालीच निघाला.

थांबा, लगेच खट्टू होऊ नका. जगातलं सगळं सोनं काही अंगावर नसतं. दागिन्यांच्या रूपात आहे ते सुमारे ४५ टक्के. विटा, नाणी आणि फंडांत साधारण २२ टक्के, सरकारी बँकांकडे १७ टक्के, उरलेलं दातांपासून संगणकांपर्यंत इकडेतिकडे. फक्त दागिने वाटले तर जगात माणशी जेमतेम १२ ग्रॅम येतात. म्हणजे जवळपास बरोबर एक जुना तोळा! आपल्याकडच्या घरांतलं बहुतेक सोनं दागिन्यांचंच, म्हणून या शर्यतीत आपण दणकून पुढे. जगाने सोनं तळघरात ठेवलं, आपण गळ्यात घातलं. लोकलच्या गर्दीत मात्र गळ्यात एक ग्रॅमवालं आणि खरं लॉकरमध्ये, हा भाग वेगळा.

रिझर्व्ह बँकेकडून तुमच्या नावे पाच गुंजा

सरकारी खात्यातही आपला वाटा आहे. रिझर्व्ह बँकेकडे मार्च २०२५ अखेर सुमारे ८८० टन सोनं होतं. माणशी ०.६ ग्रॅम. पूर्वीचे सोनार गुंजेच्या बिया तराजूत टाकून तोलायचे. आठ गुंजांचा एक मासा. त्या मापाने तुमच्या नावे बरोबर पाच गुंजा जमा आहेत. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची ही बी बोरिवलीच्या जंगलात वेलावर आजही दिसते. दिसायला देखणी, पण पोटात गेली तर जहाल विषारी. मुलांना हात लावू देऊ नका.

स्वित्झर्लंडची गंमत बघा. त्यांच्या मध्यवर्ती बँकेत १,०४० टन सोनं, माणसं सुमारे ९० लाख. प्रत्येक नागरिकामागे ११५ ग्रॅम. म्हणजे माणशी एकेक दहा तोळ्यांचं बिस्कीट!

आणि १९९१? परकीय चलनाची गंगाजळी आटली, तेव्हा आधी मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्विस बँकेकडे गेलं. जुलैत रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे गहाण ठेवलं. कडक बंदोबस्तात ते मुंबईहूनच विमानाने गेलं. तेव्हाच्या लोकसंख्येने भागलं तर माणशी अर्ध्या गुंजेहूनही कमी. पण घरातलं मंगळसूत्र गहाण पडावं तशी चरचर देशभर झाली. पुढे २००९ साली रिझर्व्ह बँकेने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून एका झटक्यात २०० टन विकत घेतलं, आणि २०२३-२४ मध्ये इंग्लंडमध्ये ठेवलेलं सुमारे १०० टन मायदेशी आणलं.

एक वाटा, चर्चगेट ते विरार

सोन्याएवढा लवचीक धातू दुसरा नाही. एका औंसाची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, पाच मायक्रॉन जाडीची तार ओढली तर ती ८० किलोमीटर जाते. तुमच्या २६ ग्रॅमांची तार होईल ६५ किलोमीटरहून लांब. चर्चगेट ते विरार अंतर ६० किलोमीटर. एका माणसाच्या वाट्याचं सोनं चर्चगेटला धरायचं, गोरेगाव, बोरिवली मागे टाकत विरारला न्यायचं आणि तरी पाच किलोमीटर हातात शिल्लक. बारा डब्यांच्या फास्ट लोकलमध्ये अंधेरीला चढायला जागा मिळणं त्यापेक्षा अवघड आहे.

तार नको असेल तर वर्ख करा. तेवढ्याच सोन्याच्या पातळ वर्खाने दहा बाय चौदाच्या खोलीची अख्खी जमीन मढवता येईल. फक्त झाडू मारायचा नाही.

तुमच्या पाटलीत रोमन नाणं असू शकतं

सोनं गंजत नाही, सडत नाही, जळूनही संपत नाही. जे निघालं त्यातलं बहुतेक आजही कुठे ना कुठे आहेच, फक्त रूप बदलत राहतं. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जहाजं आपल्याच किनाऱ्याला लागायची. सोपारा, कल्याण, चौल ही तेव्हाची गजबजलेली बंदरं. त्यातलं सोपारा आज पश्चिम रेल्वेवर नालासोपारा म्हणून उभं आहे. मिरी, मलमल आणि मोत्यांच्या बदल्यात रोमचा पैसा इतका इकडे येई की इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी नावाचा रोमन लेखक रडला: दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स भारत गिळतो. आयातीने तिजोरी रिकामी होते ही तक्रार तेव्हा रोमची होती, आज आपली आहे.

त्या काळच्या सोनारांची सहीसुद्धा आपल्या शेजारीच आहे. गोरेगावच्या मागच्या डोंगररांगेत, कान्हेरीच्या लेण्यांत, कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दान दिल्याचा शिलालेख आहे. सोन्याचा धंदा करून त्याने मागे ठेवलं ते पाणी.

त्या नाण्यांचे पुढे दागिने झाले, दागिने मोडून मोहरा झाल्या, मोहरा आटवून पुन्हा दागिने. हे आटवायचं काम आज देशभर कोण करतं? सांगली जिल्ह्यातली आपली माणसं. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडलेल्या गलाईवाल्यांनी झवेरी बाजारापासून केरळ-तामिळनाडूपर्यंत आणि दिल्लीपासून कोलकात्यापर्यंत भट्ट्या थाटल्या. तुम्ही मोड म्हणून दिलेली बांगडी त्यांच्या मुशीत १,०६४ अंशांवर पाणी होते, आम्लात धुतली जाते आणि चोख होऊन बाहेर पडते. पेढीवाला मराठी नसेल, गलाईवाला मराठी असण्याची शक्यता दाट.

हात धुतलेलं पाणीही फेकत नाहीत

आरे-जेव्हीएलआरहून मेट्रो तीनने एकच स्टेशन पुढे गेलं की सीप्झ. १९७३ साली सुरू झालेल्या या निर्यात क्षेत्रात हिरेजडित दागिन्यांचे कारखाने दाटीवाटीने आहेत. तिथला दागिना परदेशातल्या शोरूममध्ये जातो, पण त्याची धूळ इथेच मोजली जाते. कारागीर कानशीने घासतो तेव्हा उडालेला कण खालच्या खणात पडतो. पॉलिशच्या चाकासमोर धूळ ओढून घेणारं यंत्र असतं. सुटी झाली की हात धुवायचे ते ठरलेल्या बेसिनमध्येच, कारण ते पाणी गटारात नाही, टाकीत जातं; खाली बसलेला गाळ वाळवून जाळतात आणि त्यातून सोनं काढतात. एप्रन, हातमोजे, लादी पुसायची फडकी, सगळं भट्टीत. शेवटी गेलेलं सोनं आणि आलेलं सोनं यांचा मेळ घालतात, जो फरक पडतो ती घट. घट जास्त आली की सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या.

झवेरी बाजारात हेच काम रस्त्यावर चालतं. पहाटे दुकानांसमोरची धूळ झाडून, घमेल्यात पाण्याने हिंदकळवून त्यातले कण वेचणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहेत. महाराष्ट्रात हा पेशा करणाऱ्यांना झारेकरी म्हणत. मुंबईत रस्ता झाडून सोनं सापडतं, ही अतिशयोक्ती नाही.

गच्चीवर पडलेली वीट

सोनं आकाशातून पडल्याचा प्रसंगही मुंबईने पाहिला आहे. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या १२४ विटा. कापसाला आग लागली आणि दुपारी जहाजाच्या चिंधड्या उडाल्या. शेकडो माणसं गेली, आसपासची वस्ती बेचिराख झाली. त्यातली एक वीट सुमारे दीड किलोमीटरवरच्या एका पारशी गृहस्थांच्या घरावर येऊन आदळली. साडेबारा किलो सोनं, छप्पर फोडून! त्यांनी ते परत केलं. बाकीच्या विटा गोदीच्या गाळातून पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या.

समुद्रात आहे, मोबाइलमध्येही आहे

अक्सा-मढच्या लाटांतही सोनं विरघळलेलं आहे. फक्त दहा कोटी टन पाण्यामागे साधारण एक ग्रॅम. पहिल्या महायुद्धाचा दंड फेडायला समुद्रातून सोनं काढू, असा बेत जर्मनीच्या फ्रिट्झ हाबर या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने केला होता. काही वर्षं खपल्यावर त्याने नाद सोडला.

त्यापेक्षा घरातला खण उघडा. दहा लाख जुन्या मोबाइलमधून सुमारे ३४ किलो सोनं निघतं. म्हणजे फोनमागे ०.०३४ ग्रॅम. तुमचा २६ ग्रॅमचा वाटा भरायला साडेसातशेहून जास्त फोन लागतील. पण टनाच्या भावाने पाहिलं तर भंगार मोबाइल खाणीच्या दगडाला कितीतरी मागे टाकतात. बहुतेक खाणींत टनभर दगडामागे काही ग्रॅमच हाती लागतात.

आरे कॉलनीनंतरचं सोनं

सोनं म्हणजे प्राचीन, हा समजही खोटा. जगातलं दोन तृतीयांश सोनं १९५० नंतर निघालं. आरेची दूध वसाहत १९४९ ची. म्हणजे आरेचं दूध मुंबईत आधी पोहोचलं, जगातलं बहुतेक सोनं नंतर वर आलं.

अजून किती उरलंय? फायद्यात काढता येईल असं जमिनीत सुमारे ५५ हजार टन. दरवर्षी निघतं ३,६०० टन. म्हणजे साधारण पंधरा वर्षांचा साठा. पण नवे साठे सापडत राहतात आणि भाव चढला की काल न परवडणारी खाण आज परवडते, म्हणून ही पंधरा वर्षं पुढे सरकत राहतात. "पुढे मिळायचं नाही" हे सराफाचं वाक्य म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या टिकलंय.

आपल्याकडची स्थिती: कोलारच्या खाणींनी सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोनं दिलं आणि २००१ साली त्या बंद पडल्या. २०२४ या एका वर्षात भारतीयांनी घेतलेलं सोनंही सुमारे ८०० टन! आता रायचूरजवळची हट्टीची खाण वर्षाला जेमतेम दीड टन देते. बाकी बहुतेक परदेशातून.

कुबेराला मागे टाकलं

दसऱ्याच्या आदल्या दिवशी स्टेशनबाहेर आपट्याच्या डहाळ्यांचे ढीग लागतात. त्यामागची कथा सगळ्यांना ठाऊक आहे: कौत्साची गुरुदक्षिणा चौदा कोटी सुवर्णमुद्रांची, रघुराजाचा खजिना रिकामा, म्हणून कुबेराने मुद्रांचा पाऊस पाडला. एक मुद्रा होनाएवढी धरली, तर तो पाऊस ३८५ टनांचा. आपण दरवर्षी त्याच्या दुप्पट घेतो. कुबेराला एकदाच द्यावं लागलं, आपला हप्ता दर वर्षीचा.

चौदा कॅरेटची सक्ती

सोन्याचा हा सोस आवरायला सरकारने एकदा थेट घाव घातला. १९६३ साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं: नवा दागिना चौदा कॅरेटच्या वर घडवायचा नाही. सोनारांच्या घरी चुली विझायची वेळ आली, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, तस्करांचं फावलं. पुढे १९६८ चा कायदा आला आणि तो १९९० साली गेला. आता गंमत बघा: सक्ती नसताना, नुसत्या भावामुळे लोक हलक्या कॅरेटकडे वळू लागले, आणि २०२५ मध्ये नऊ कॅरेटच्या दागिन्यांनाही हॉलमार्क मिळू लागला. सरकारला जे जमलं नाही ते भावाने केलं.

वाटा विकून गोरेगावात घर?

१९६४ साली दहा ग्रॅमचा भाव ६३ रुपयांच्या आसपास होता. २०२५ मध्ये त्याने लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणजे तेव्हा तुमच्या वाट्याची किंमत अडीच लाखांच्या वर गेली. गोरेगावात चौरस फुटाला वीस-पंचवीस हजार धरले, तर त्यात दहा-बारा चौरस फूट येतील. बाथरूमचा दरवाजा उघडला की वाटा संपला.

आणखी दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे. प्राप्तिकराची झडती पडली तरी विवाहित स्त्रीचं ५०० ग्रॅम, अविवाहितेचं २५० ग्रॅम आणि पुरुषाचं १०० ग्रॅमपर्यंतचं सोनं जप्त करू नये, अशी सूचना १९९४ पासून आहे. म्हणजे एका विवाहितेला जगातल्या एकोणीस माणसांचा वाटा बाळगायची मुभा. आणि बँकेच्या चुकीने लॉकरमधून चोरी झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. भाडं तीन हजार असेल तर तीन लाख. म्हणजे दहा ग्रॅमला लाखाचा भाव धरला तरी जेमतेम एका माणसाच्या वाट्याएवढं. बाकीचं तुमच्या नशिबावर.

तेव्हा जगाचा हिशेब झाला, आता घरचा करा. एका रविवारी सगळे डाग बाहेर काढा, वजनं लिहा, फोटो काढा, पावत्या एका पाकिटात घाला, लॉकरवर नॉमिनीचं नाव आहे का ते बघा. नवं घेताना हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. मोड देताना घट किती धरली ते डोळ्यांसमोर तोलून घ्या. आणि घरातलं सोनं माणशी २६ ग्रॅमच्या वर भरलं, तर खुशाल समजा: जगाच्या सरासरीत तुम्ही श्रीमंत आहात.